घंटा, जॅकेट आणि ऐंशी डोकी

५ सप्टेंबर, मंगळवार
शाळा उघडली. पटावर ८५. मोठ्या हायस्कूलनं 'यांचं काही होणार नाही' म्हणून काढलेली पोरं, सगळी माझ्याकडे. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी मिशिगनभर शाळांत डोकी मोजतील. ८० भरली तर आमची अल्टरनेटिव्ह शाळा टिकेल, नाहीतर कुलूप. पाच जास्तच आहेत. संकल्प: पोरांत जोश आणणे.

८ सप्टेंबर
आमच्याकडे पास व्हायला लागणारी विषयांची क्रेडिट पुरी झाली की पोरगं कॉरिडॉरमधली पितळी घंटा वाजवतं आणि त्याच दिवशी पास होऊन पटावरून जातं. जूनची वाट बघत नाही. जाहीर केलं: ऑक्टोबर संपायच्या आत वाजवेल त्याला जॅकेट. टाळ्या! ऑफिसातल्या लॉरेटाबाई म्हणाल्या, मोजणीच्या बुधवारनंतर जाहीर केलं असतं तर बरं. बाईंना दूरदृष्टी नाही.

१९ सप्टेंबर
चार घंटा! इथल्या सगळ्या शाळांच्या सुपरिंटेंडंटना फोन करून ऐकवलं. त्यांनी फक्त पट विचारला. ८१. कोरडा माणूस.

२५ सप्टेंबर
आणखी दोन. ७९. ज्यांना वर्षभर एक पान वाचवत नव्हतं, त्यांना आत्ताच अक्कल फुटली! गणिताच्या बाईंना पेपर जरा अवघड काढा म्हटलं.
मार्सेल नावाच्या पोरानं पटाच्या फॉर्मवर वंशाच्या चार चौकटींत खुणा केल्यात. त्याला चार धरू म्हटलं. लॉरेटाबाई म्हणाल्या, डोकं एकच आहे. वर्गातल्या जॅझमिनचं बाळ तिच्यासोबत रोज येतं, तेही धरत नाहीत.

२८ सप्टेंबर
मोठ्या हायस्कूलनं आणखी एकीला हाकललं. देव आहे. ८०.

३ ऑक्टोबर, मंगळवार
टेव्हियन मॅब्री. दोन वर्षं याला घरून उठवून माझ्या गाडीतून आणला. आज दुपारी घंटेची दोरी धरून उभा. एक दिवस थांब म्हटलं, गयावया केली.
"सर, उद्यापासून कारखान्यात लागतोय. आणि तुम्हीच म्हणता ना, आजचं उद्यावर टाकू नका?"
वाजवली. वर मिठी मारली, लार्ज जॅकेट मागून घेतलं. इतका विश्वासघात सख्ख्या भावानंही केला नसता.

४ ऑक्टोबर, बुधवार
पिझ्झा मागवला होता. एकूण एक पोरगं हजर. ७९.

१३ ऑक्टोबर
निकाल आला. जानेवारीत कुलूप. पोरं परत त्याच मोठ्या हायस्कूलात, ज्यानं त्यांना काढलं होतं. मीही तिथंच, कॅन्टीनवर लक्ष ठेवायला. यात माझी काय चूक, हे कुणी सांगत नाही.
संध्याकाळी लॉरेटाबाई म्हणाल्या, "दोरी धरा सर. तुमचंही इथलं संपलं."
वाजवली. दारादारातून डोकी बाहेर आली. कोण पास झालं, असं कुणीतरी विचारलं. जॅझमिनच्या बाळानं तेवढ्या टाळ्या वाजवल्या.
जॅकेट एकच उरलं होतं. स्मॉल. मला होत नाही.