आतडं चालू करण्याची खात्रीशीर पद्धत

५ मार्च, सकाळ

ऑपरेशन यशस्वी. मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा काढला, उरलेली टोकं जोडली. सर्जन म्हणाले, गाठ साधी होती, आता काळजी सोडा. मी केलीच कुठे होती? ही मात्र पदराआड रडून घेत होती.

संकल्प : तीन दिवसांत घरी. दुकान मुलीच्या हवाली करून आलोय. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, सगळी दुरुस्ती. माझ्याशिवाय तिथे एक स्क्रू फिरत नाही. तिला बजावून ठेवलंय, अडलं की लगेच फोन कर, लाजू नकोस.

५ मार्च, दुपार

अडचण आहे. सर्जन म्हणतात, पोट उघडलं की आतडी झोपतात. ती जागी होऊन गॅस पास झाला की पाणी. मग पातळ काहीतरी. मग घर. तोवर सलाईन. म्हणजे इतकी वर्षं डॉक्टरकी शिकून शेवटी ही मंडळी त्याचीच वाट बघत बसणार!

सिस्टर दर फेरीला दारातूनच विचारते, झाला का? अख्ख्या वॉर्डासमोर. मी छताच्या पंख्याकडे बघतो. पंख्याचं बेअरिंग गेलंय.

शेजारच्या कॉटवर चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर. त्यांचंही आतडं कापलंय. गृहस्थ तोंड उघडत नाहीत.

६ मार्च, सकाळ

मुलीचा फोन नाही. इथे नेटवर्क खराब असावं.

आज एक तरुण डॉक्टर आली होती. तिचं काहीतरी संशोधन चालू आहे. कानाच्या आतल्या खळग्यात एक क्लिप लावायची आणि साबणाच्या वडीएवढ्या मशीनमधून बारीक करंट सोडायचा. कानातली नस मेंदूला जाते, मेंदूतून एक लांबलचक नस पोटात उतरते. ती चाळवली तर आतडी लवकर जागी होतात का, हे तिला बघायचंय. व्होल्टेज किती, मी विचारलं. मिलिअँपमध्ये सांगायला लागली. मी मान डोलावली, पोरीचा हिरमोड नको.

पुढे म्हणाली, निम्म्या मशीनमध्ये करंट नसतोच, तुलनेसाठी. कोणाला कुठलं मिळालं हे पेशंटलाच काय, तिलाही माहीत नसतं. मी तिथल्या तिथे सही ठोकली. उभा जन्म करंटशी खेळण्यात गेला, अशा माणसाच्या हातात रिकामं मशीन कोण देईल? मास्तरांनीही सही केली. बिचारे.

जाता जाता म्हणाली, मशीन असलं तरी कॉरिडॉरमध्ये चालायचं हं काका, ते सगळ्यांनाच आहे. सगळ्यांना असेल. मी विजेवर आहे.

६ मार्च, संध्याकाळ

क्लिप लावली. करंट लगेच जाणवला. कान गरम, पोटात चुळबुळ. मास्तरांना विचारलं, तुम्हाला काही कळतंय का? त्यांनी मान हलवली, नाही. डमी! त्यांना धीर दिला की असं वाईट वाटून घेऊ नका, विज्ञानाला तुमच्यासारखी माणसंही लागतात. ते उठून सलाईनच्या स्टँडसकट चालायला निघून गेले. मनाला लागलं असेल.

ही म्हणाली, तुम्हीही उठा. तिला म्हटलं, चार्जिंगला लावलेली वस्तू कोणी हलवतं का?

७ मार्च

गॅस नाही. पोट फुगून टणटणीत.

दुपारी उलटी झाली, हिरवीगार. नाकातून नळी घातली. याचा अर्थ आतडी चालू झाली आहेत, फक्त दिशा चुकली. फेज उलटी लागली की मोटार उलटी फिरते, तसलाच प्रकार. सर्जनांना समजावून सांगितलं. त्यांनी सिस्टरला माझा ताप बघायला सांगितला.

शेवटी मुलीला मीच फोन लावला. गिऱ्हाईक आहे बाबा, नंतर बोलते, म्हणाली. तक्रार घेऊन आलेलं असणार. पोरगी एकटी तोंड देतेय. इथून लवकर सुटायलाच हवं.

८ मार्च, सकाळ

मास्तरांचा झाला.

खणखणीत. सिस्टरने टाळी वाजवली, मास्तर पांघरुणात शिरले. लगेच पाणी मिळालं त्यांना. मोठ्या मनाने अभिनंदन केलं. ते पाणी पीत असताना भिंतीकडे बघत होतो.

विचार केला. मास्तरांचं मशीन डमी, हे तर मी पहिल्याच दिवशी सिद्ध केलंय. माझं खरं. तरी त्यांचं आधी? एकच उत्तर निघतं, माझं मशीन बिघडलेलं आहे. आणि बिघडलेलं मशीन कोणाच्या हातात आलंय? नशीबच म्हणायचं!

८ मार्च, दुपार

सिस्टर जेवायला गेली. ही औषधं आणायला गेली. शर्टाच्या खिशात टेस्टर होताच. मशीनवर स्टिकर, 'उघडू नये'. हे असलं गिऱ्हाइकांसाठी असतं.

उघडलं. क्लिपकडे जाणारी तांबडी वायर चक्क मोकळी! टोकाला नीट टेप गुंडाळलेली. कारखान्यातला गलथानपणा, दुसरं काय. टेप सोलली, वायरला पीळ दिला, जोडून टाकली. स्क्रू बसवले, स्टिकर थुंकी लावून चिकटवलं.

मास्तर बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. म्हणाले, अहो, ती टेप कोणी मुद्दाम लावली नसेल ना? मी हसलो. चित्रं काढणाऱ्या माणसाला वायरिंगमधलं काय कळणार?

८ मार्च, संध्याकाळ

क्लिप लावली, बटण दाबलं. हिरवा दिवा गेला. थोडा जळका वास आला. नव्याने जोडणी झाली की येतोच.

पोट वाढतच चाललंय. सर्जन हळू आवाजात सिस्टरशी बोलले, पोटाचा एक्स-रे काढायचा म्हणाले. हिने ते ऐकलं. क्लिप ओढून काढली, मला दंडाला धरून उठवलं. टाके तुटतील, मी म्हटलं. तुटले तर मी शिवीन, म्हणाली. एका हातात सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हातात मी. कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन परत. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मला भीती वाटत होती, इथे लिहायला हरकत नाही.

९ मार्च

झाला!!

हिच्याबरोबर चालताना, औषधांच्या ट्रॉलीपाशी. ट्रॉलीवाली सिस्टर दचकली. ही हसता हसता रडायला लागली. नाकातली नळी निघाली, पाणी प्यायलो. असं पाणी जन्मात प्यायलो नव्हतो.

मशीन दुरुस्त केलं आणि दुसऱ्या दिवशी निकाल! क्लिपवाल्या डॉक्टरला बोलावून घेतलं आणि सगळं सविस्तर सांगितलं. वायर कोणती, टेप कशी, पीळ किती. शाबासकीची अपेक्षा होती. ती स्टुलावर बसली आणि कपाळ धरलं. म्हणाली, काका, तुम्ही सांगताय त्यावरून ती वायर मुद्दामच सोडलेली होती. तुमचं डमी होतं. आणि आता तर हे जळलंच आहे. मग माझा कान गरम कसा झाला, मी विचारलं. क्लिप घट्ट बसली असेल, म्हणाली. मग आतडं कशाने चाललं? तिने हिच्याकडे बघितलं.

अभ्यासातून माझं नाव काढलं. मास्तरांना कुठलं मशीन होतं ते अभ्यास संपल्यावर कळेल. म्हणजे माझा मुद्दा अजून खोडलेला नाही. बाहेरच्या माणसाने वायरला हात लावलेला यांना खपत नाही, एवढंच.

११ मार्च

डिस्चार्ज. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, पोटाला पट्टा. ही घरी चला म्हणत होती, मी गाडी दुकानाकडे घ्यायला लावली. मनाची तयारी केली होती. दारात वस्तूंचा ढीग, गिऱ्हाइकं खवळलेली, मुलगी रडकुंडीला आलेली. तिला अजिबात रागवायचं नाही, असं वाटेत ठरवलं.

ढीग नव्हता. फरशी दिसत होती. मुलगी आत मान खाली घालून मोटारीला तार गुंडाळत होती, तिचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. दारात एक नवा बाक, त्यावर तिघं बसलेली.

हाक मारणार, तेवढ्यात बाकाच्या टोकाच्या बाईंनी आपली इस्त्री मांडीवर घेतली आणि सरकून जागा करून दिली. म्हणाल्या, बसा हो, उभे काय राहता. ताईंचा हात भराभर चालतो, बसल्या बसल्या करून देतात. आधी इथे कोणी म्हातारे होते म्हणे, ते नुसतं उद्या या, उद्या या करायचे. आमच्या सुनेने तर कंटाळून येणंच सोडलं होतं.

ही माझ्याकडे बघत होती. मी बाईंना म्हटलं, हो का.

टाके ओढत होते. शिवाय मुलगी हातातलं काम करत होती, मध्येच उठवणं बरं नाही. बसलो. पहिला माणूस पंखा घेऊन उठला, तशी सगळी पुढे सरकली. मीही सरकलो.