तो फक्त दमलाय

६ जानेवारी २००७
दादा आला! गाडी तीन तास उशिरा, आणि थंडी तर मी म्हणतेय. अरुणने एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरून त्याला डब्यातून उतरवलं. डावा पाय गुडघ्याखाली नाही. पायजमा तिथे दुमडून पिन लावलेली. रडायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते. रडलेच. रेल्वेत नोकरी करून मेलं एवढं जमत नाही – फलाटावर कोरड्या डोळ्यांनी उभं राहणं.

नऊ महिने झाले त्या ट्रकला. मूर्तिजापुरात सायकलच्या दुकानासमोरच उडवलं दादाला. तेव्हापासून घरात बसून आहे. दुकान बंद. इथे जयपूरला पाय बसवून मिळतो, पैसे पडत नाहीत, दोन-चार दिवसांचं काम – सहा वेळा फोन केले तेव्हा आला. आणि घरात पाऊल टाकत नाही तोच म्हणतो, "विमल, मी तुले भेटाले आलो. पायाचं नाव काढू नको."

७ जानेवारी
नाव काढलं. भिंतीकडे तोंड करून झोपला.

९ जानेवारी
अक्षदाने आज मामाला माझी ट्रंक उघडून दाखवली. "मामा, ये देखो, मम्मीची मारपीट!" दोनशेच्या वर सीड्या आहेत आत. सगळे पिक्चर कुंग-फूचे, कराटेचे, तलवारीचे. लग्न झाल्यापासून अरुण याला माझं एकमेव व्यसन म्हणतो. म्हणू दे. चाळिशीची बाई, आरक्षणाच्या खिडकीवर दिवसभर लोकांची बोलणी खाते, घरी आल्यावर कुणीतरी कुणालातरी व्यवस्थित लाथ मारलेली बघितली की मला शांत झोप लागते.

पण खरं सांगायचं तर लाथ नाही. मला आवडतं ते त्याच्या आधीचं. शिष्याने दोन-दोन वर्षं नुसतं पाणी भरायचं, अंगण झाडायचं, गुडघे वाकवून उन्हात उभं राहायचं. कुणी शाबास म्हणत नाही. आणि मग एक दिवस तोच पाणी भरणारा हात असा काही फिरतो! पोळ्या लाटताना मीसुद्धा गुडघे वाकवून उभी राहते. अक्षदा हसते. सात मिनिटं टिकते मी, हसायचं काय त्यात!

हे वेड दादाचंच. मी सात वर्षांची, तो चौदाचा. आई जाऊन महिना झाला होता आणि मी शाळेत जायचं सोडून दिलं होतं. गावात तंबूतला सिनेमा आला. दादाने मला खांद्यावर बसवून नेलं. पडद्यावर चिनी बोलणं, खाली इंग्रजी अक्षरं. दादा म्हणाला, मला इंग्रजी येतं, मी सांगतो. आणि दोन तास माझ्या कानात गोष्ट सांगत राहिला. ती कंदील विकणारी पोरगी म्हणजे त्या हिरोची बहीण. तिची शाळा सुटू नये म्हणून तो सगळ्यांशी लढतोय. पांढऱ्या दाढीचे ते त्याचे गुरुजी.

शेवटी तो देवळाच्या पायऱ्यांवर पडला. दादाने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. म्हणाला, "मेला नाई तो. दमला फक्त. गुरुजी त्याले म्हनून रायले – ऊठ, लय दूर जायचं हाये."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. नंतर शेकडो पिक्चर पाहिले, पण तो पुन्हा मिळाला नाही. पण परीक्षेला, मुलाखतीला, अक्षदाच्या वेळी बाळंतपणात – प्रत्येक वेळी मी तेच म्हटलंय. ऊठ विमल, लय दूर जायचं हाये.

दादा ट्रंकेकडे बघत होता.

११ जानेवारी
मिळाला!!! वैशाली नगरच्या दुकानात, धूळ खात पडलेला. कव्हरवर त्या पायऱ्या दिसल्या आणि मी भाव न विचारताच पैसे काढले. दुकानदार भैया म्हणाला, बहनजी, ये कोई नहीं ले जाता. नाव इथेही लिहीत नाही, दृष्ट लागेल. संक्रांतीला सुट्टी आहे, तेव्हा दादाला दाखवायचा. उठेल तो. उठलाच पाहिजे.

१३ जानेवारी
धीर निघाला नाही. दादा दुपारी झोपला होता, मी आवाज बंद करून एकटीने पाहिला.

आता मला इंग्रजी येतं. खालची सगळी अक्षरं वाचली. ती बहीण नाहीच! दुश्मनाच्या घरची स्वयंपाकीण आहे. कंदील विकत नाही, कंदिलाने इशारे देते. गुरुजी तर तांदळाचे व्यापारी! शाळेचं नावसुद्धा नाही कुठे.

आधी हसले. हसून हसून डोळ्यांत पाणी. मग थक्क झाले. चौदा वर्षांचं पोरगं, आई नुकतीच गेलेली, एक अक्षर कळत नाही, आणि चित्रं पळताहेत तशी अख्खी गोष्ट जागच्या जागी रचतंय – कुठे अडखळला नाही, कुठे गडबडला नाही! एवढा मोठा माणूस जन्मभर पंक्चर काढत बसला.

आणि शेवट. तो दमलेला नाही. मरतो. व्यापारी त्याचे डोळे मिटतो, वर पांढरं कापड टाकतो.

हे दादाला दाखवू? पाय गेलेल्या माणसाला? पण त्याला शेवट ठाऊकच आहे, त्यानेच तर माझ्यापासून लपवला. मी विचारणार – दादा, काय म्हणतात रे गुरुजी? तो हसेल, आणि ते वाक्य त्याच्याच तोंडून येईल. मग कसा नाही म्हणतो बघते.

१४ जानेवारी
चुकलं माझं.

आमचं अख्खं जगतपुरा गच्चीवर, पतंगांत. अरुण, अक्षदा तिकडेच. खाली आम्ही दोघं. सुरुवातीला छान चाललं होतं. दादा उशीला टेकून बसला, मध्येच म्हणाला, "पाह्य पाह्य, कसा उडते!" किती महिन्यांनी त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी त्याला अक्षरं वाचून दाखवली नाहीत. त्यानेही विचारलं नाही.

मग पायऱ्या आल्या. तो पडला. वरून पोरं ओरडली, वो काट्टा! मी विचारलं, "दादा, काय म्हणतात रे गुरुजी?"

दादा पडद्याकडे बघत राहिला. कापड टाकून झालं. नावं वर सरकायला लागली. "हा तं मेला वं, विमल."

मी म्हटलं, नाही मेला. दमलाय. तूच सांगितलं होतंस.

"मेला. मी पायलं नं आत्ता."

मला इतका राग आला की टीव्हीचं बटणच जोरात दाबलं. तेहतीस वर्षं मी जे वाक्य उशाशी घेऊन झोपले, ते त्याने एका शब्दात फेकून दिलं. मोठ्याने बोलले त्याला. म्हटलं, माझ्यासाठी खोटं बोलता आलं, स्वतःसाठी नाही येत? त्याने कुबडी ओढून घेतली आणि तोंड फिरवलं. तिळगूळ कुणी कुणाला दिला नाही.

१५ जानेवारी
दादा जेवला नाही. मीही विचारलं नाही. त्याचं परतीचं तिकीट मीच काढायचं आहे, माझ्याच खिडकीवरून.

१६ जानेवारी
सकाळी डोळे उघडले तर दादा पलंगाशी उभा. दाढी केलेली, अंघोळ झालेली, कानटोपी घातलेली. कुबडीवर सगळा भार.

"मले बी परवाच समजलं, विमल. तवा तुह्या डोयावर हात ठेवला नं, मी माहे बी मिटून घेतले होते. माय गेल्ती, मले पायवत नव्हतं. मी तं इतके वर्ष समजत होतो का तो उठला."

मग म्हणाला, "ऊठ. लय दूर जायचं हाये."

पाय बसवतात ते केंद्र रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. मी उठले. चपला घातल्या.