क्र. २१७, कारंज्यामागची गोरखचिंच

१८ एप्रिल
पालिकेने आम्हा शिक्षकांवर सोपवलेली बागेतली झाडांची गणती संपली. बाबांच्या रीतीने प्रत्येक खोडाला चारी बाजूंनी लाकडी मोगरी मारली, कान लावला. खणखणीत म्हणजे धड, बद्द म्हणजे पोकळ. शाळेत घालायच्या आधी माळीकाम करता करता त्यांनी मला याच बागेत शिकवलं. वडाच्या पानावर काडीने अक्षरं, आणि खोडावर मोगरी.
धोकादायक दोनच. क्र. ४०, झोक्यांवरचा शिरीष. क्र. २१७, कारंज्यामागची गोरखचिंच, बाग आखली तेव्हाची, इंग्रजांच्या वेळची. तिच्यासमोर पेन धरून कितीतरी वेळ उभी होते. चारी बाजूंनी बद्द. एक पान नाही. शेवटी लिहिलं. आहे ते लिहायचं.
बाबांना सांगितलं नाही. पाय गेल्यापासून त्यांनी बाग पाहिलेली नाही.

२१ एप्रिल
दोन्ही झाडांवर पालिकेची नोटीस. तोडणार. हरकत असल्यास सात दिवसांत. खाली शेरा माझ्याच शब्दांत, "खोड आतून पोकळ".
रहीमचाचांनी माझ्याकडूनच वाचून घेतली. बाबांबरोबर वीस वर्षं त्यांनी इथे गुलाबाची कलमं बांधली.
"कोन लिख्या बेटा ये?"
"मी."
पाइप उचलून गुलाबांकडे निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

२२ एप्रिल
चाचांनी घरी येऊन बाबांना सांगितलं. मी आत गेले. मग बाबा,
"तिले मोगरी मारली तू?"
"हो."
"अन् बद्द वाजली."
"चारी बाजूंनी."
"वाजनारच. तिचं लाकूडच तसं. पाण्यानं भरेल राह्यते. धडधाकट असली तरी बद्दच वाजते. अन् पानं जेठाशिवाय येतच नाहीत तिले."
"तुम्ही कधी सांगितलं नाही."
"मी कधी ठोकलीच नाही तिले. काऊन ठोकू? ते काय पडनारं झाड हाय?"
चाचा म्हणाले, "हमारी मास्तरीन हाय बाप्पा. झाडाचीबी परीक्षा घेते."
बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. माझ्यावर राग नाही. शिकवण्यात आपलंच चुकलं असं वाटतंय त्यांना. ते जास्त लागलं.

२४ एप्रिल
पालिकेत गेले. साहेबांना म्हटलं, २१७ चा शेरा चुकला.
"तुम्ही तपासलं होतं ना मॅडम?"
"तपासायची रीत त्या एका झाडाला लागू नाही."
"मग बाकीच्यांना लागू आहे हे कशावरून?"
एक ओळ खोडता येणार नाही म्हणाले. चूक लेखी द्या, अख्खी यादी रद्द करतो, पावसाळ्यानंतर दुसऱ्या कुणाकडून गणती.
म्हणजे शिरीषही उभा राहणार. तो मात्र खरंच गेलेला आहे. मोगरी मारली तेव्हा आतून भुसा गळत होता. खाली दोन झोके.
झोके तरी बंद करा म्हटलं. "यादी रद्द झाल्यावर कारण काय दाखवू?"

२७ एप्रिल
उद्या शेवटचा दिवस. अर्ज दोनदा लिहिला, दोनदा फाडला.
बाबा म्हणाले, "नको देऊ. एका झाडासाठी पोराईच्या जिवाशी खेळ नको." थोड्या वेळाने म्हणाले, "सकाळी तिच्या बुडाशी एक बादली पाणी टाकून ये."
टाकून येईन. पण खोटं माझ्या सहीचं आहे. आणि शिरीषाचं खरंही माझ्याच सहीचं.

२८ एप्रिल
अर्ज दिला. यादी रद्द. शिरीषाबद्दल वेगळा कागद दिला, पोच घेतली. पोच घेऊन काय होतं?
चाचांनी आणि मी झोक्यांच्या साखळ्या वर गुंडाळून तारेने बांधल्या. संध्याकाळी पाहते तर दोन्ही झोके खाली, दोन्हींवर पोरी.

४ मे
रोज पाच ते सात झोक्यांपाशी बसते. पोरं मला झोकाबंद बाई म्हणतात. आज एकीची आई भांडली. "बगीचा काय तुह्या बापाचा हाय वो?"
मी साखळी सोडली नाही.
घरी आले की बाबांचा एकच प्रश्न, "कोनतं झाड उभं हाय?"
"दोन्ही."
त्यावर ते डोळे मिटतात. कशासाठी, विचारत नाही.

११ मे
गोरखचिंचेला शेंड्याकडे हिरवे कोंब दिसले. बाबांना सांगितलं. हसले नाहीत.
आता दुपारचे तीन. खामगावच्या बाजूने धुळीचा लोट उठला आहे, पत्रे वाजताहेत. माझी वेळ पाचची, पण शाळांना सुट्या लागल्या, पोरं दुपारीही झोक्यांवर असतात.
बाबा आतून, "काय लिहून राह्यली? जाय ना."
चप्पल पायातच आहे. जाते.