तांगीचं कार्ड

केर्गोएत
मंगळवार, १८ मे २००४

प्रिय सोलेन,

तुला आणि तुझ्या बर्त्राँला आम्हा दोघांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गेल्या बुधवारीच पोचलं. सदतीस वर्षं मी पोस्टमन म्हणून लोकांची पत्रं घरोघर टाकली, पण स्वतः लिहायची वेळ आली की मला अंगणातली सगळी कामं आठवतात. या सहा दिवसांत मी कुंपण छाटलं, कोंबड्यांचं दार दुरुस्त केलं आणि सायकलची साखळी दोनदा रॉकेलने धुतली. शेवटी मारिवोन म्हणाली, "त्या साखळीत धुण्यासारखं काही उरलेलं नाही. गुमान लिहायला बसा." म्हणून बसलोय.

इकडे ठीक आहे. मारिवोनचा गुडघा पाऊस येणार असला की आदल्या दिवशी सांगतो, आणि आपल्याकडे पाऊस रोजच येणार असतो. तिने तुझ्या लग्नासाठी लोण्याचे किती केक करायचे त्याची यादी केली आहे. पोरगी बारीक दिसायच्या नादात उपाशी राहील, असं तिचं ठाम मत आहे. मी अजून सायकल चालवतो, पण पाद्र्याच्या विहिरीपर्यंत जाऊन परत. सायकल क्लबची कप्तानी सोडून पाच वर्षं झाली.

तू लिहिलंस की तीन जुलैला चर्चमध्ये शिरताना तुझा हात मी धरावा, बाबांच्या जागी. ते वाचून मी चष्मा टेबलावर ठेवला, बाहेर गेलो आणि कोंबड्यांपाशी उभा राहून रडलो. लाज कसली त्यात. तुझी आई गेली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तांगी दिवसभर लोकांच्या छपरांवर दगडी पाट्या बसवायचा आणि संध्याकाळी खाली उतरून तुझ्या वेण्या घालायचा. त्या वेण्या कशा व्हायच्या ते सगळ्या गावाला माहीत आहे. त्याची जागा घेण्याइतका मी कोण लागून गेलो!

आणि त्याच पत्राच्या मागच्या पानावर तू लिहिलंस: "त्या दगडासाठी मला बोलावू नका. शब्द देऊनही जो माझ्यासाठी थांबला नाही, त्याच्यासाठी मी त्या चढावर जाऊन उभी राहणार नाही."

क्लबने त्याच्या आठवणीचा दगड आणून ठेवलाय. जून महिन्यात, त्याला जाऊन पाच वर्षं होतील तेव्हा, चढावर बसवणार. त्यावर कोरायचा मजकूरही ठरलाय: 'तांगी, जो शेवटपर्यंत थांबला नाही.' दगडवाला फक्त माझ्या होकारासाठी खोळंबलाय.

मारिवोन जेवायला हाक मारते आहे. उरलेलं नंतर लिहितो.

शुक्रवार

तीन दिवस मध्ये गेले. साखळी पुन्हा धुतली, हे तुला कोणी सांगायला नको.

तुला आठवतं का, तू नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या सहाशे किलोमीटरच्या सायकलफेरीत वाटेतल्या चौकीवर हजेरीचे शिक्के मारायला बसायचीस? गावाच्या सभागृहात लांब टेबल, त्यामागे जेर्मेन आजी, तिच्या शेजारी उशीवर उशी ठेवून उंच केलेली तू. आम्ही दोनशे-तीनशे किलोमीटर तुडवून, घामाचं मीठ फुटलेल्या तोंडाने आत यायचो आणि आपापलं पिवळं कार्ड तुझ्यापुढे धरायचो. तू इतक्या जोरात शिक्का मारायचीस की सूप हिंदकळायचं. आणि कुणी म्हणालं, "मी इथंच थांबतो, माझ्याच्यानं होत नाही," तर कार्ड जेर्मेन आजी हातात घ्यायची, शिक्क्यापुढे 'थांबला' असं लिहायची आणि ठेवून घ्यायची. एकदा ते लिहिलं की संपलं. त्या माणसाला भात-दुधाची खीर दुप्पट मिळायची आणि कोणी हसायचं नाही.

आमच्या क्लबची मात्र एक वेगळीच खोड होती. आम्ही सगळे एकत्र जायचो. कप्तानाच्या पुढे कोणी जायचं नाही आणि कप्तानाने मागे कोणाला सोडायचं नाही. आणि कोणी कच खाल्ली, की त्याने ते टेबलावर ठेवायच्या आत दुसऱ्याने त्याचं कार्ड पळवायचं आणि स्वतःच्या खिशात घालायचं. "हवंय? मग पुढच्या चौकीवर ये!" ही खोड काढली कोणी? तुझ्या बाबानेच. १९८२ साली, माझ्यावर. माझं पोट बिघडलेलं, पाऊस आडवा, मी भिंतीला टेकून आईचं नाव घेत होतो. त्याने माझं कार्ड काढून घेतलं, स्वतःच्या खिशात सरकवलं आणि सायकलवर बसला. मी शिव्या देत देत त्याच्या मागे निघालो. चाळीस किलोमीटर शिव्या दिल्या. मग भूक लागली. त्याने खिशातून लोणी लावलेला पाव काढला, अर्धा मोडून मागे दिला, आणि मी सहाशे पूर्ण केले. त्याच्या चाकामागे वारा लागत नसे, इतका रुंद माणूस. पुढली सतरा वर्षं आम्ही असेच गेलो. सभागृहाच्या फरशीवर याचं डोकं त्याच्या पायाशी ठेवून झोपलो, उताराला वारा लागू नये म्हणून एकच वर्तमानपत्र फाडून दोघांनी छातीला लावलं. माझ्या लग्नाच्या बायकोला माहीत नाहीत अशा माझ्या गोष्टी त्या माणसाला माहीत होत्या.

हे सगळं मी का सांगतोय, तुझ्या लक्षात येत असेल. किंवा नसेल. आता सांगतो. मध्ये उठणार नाही.

तो गेला त्या वर्षी, १९९९ च्या मार्चमध्ये, डॉक्टरांनी त्याच्या छातीचा आलेख काढला आणि जपायला सांगितलं. तू त्याला फेरीला जाऊ देत नव्हतीस. मग तुमच्या स्वयंपाकघरात त्याने तुला शब्द दिला, की डाव्या हाताला काही जाणवलं तर त्याच चौकीवर कार्ड देईन, तुला फोन करीन आणि तू गाडी घेऊन न्यायला यायचंस; काही झालं नाही तरी रविवारी बारा वाजता फोन करीन. मी तिथे बसलेलो होतो. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "फांश काका, तुम्ही कप्तान आहात. लक्ष ठेवा." मी तुझी कॉफी पीत होतो आणि मी हो म्हणालो.

रविवारी तेरा जूनला सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही चारशेतिसाव्या किलोमीटरच्या चौकीत शिरलो; त्या वर्षी जेर्मेनचं टेबल तिथे होतं. पहाटेपासून समुद्राकडचा वारा तोंडावर होता. बाकीचे आठ जण बाहेर नळावर बाटल्या भरत होते. तांगी टेबलाशी बसला. जेर्मेनने त्याच्यापुढे खीर ठेवली, त्याने चमचाही लावला नाही. मी म्हटलं, "काय रे, पाटीवाल्या, खिरीत विष आहे का?"

तो म्हणाला, "फांश, आज पुरे. डाव्या हातात मुंग्या येतायत. सोलेनला शब्द दिलाय."

आता हे बघ पोरी. चारशे किलोमीटर हँडलवर रेलून बसलं की आमच्यातल्या प्रत्येकाच्या हातात मुंग्या येतात. बोटं बधिर होतात, शर्टाची बटणं लागत नाहीत. आमचं ते रोजचंच. मी माझे दोन्ही हात त्याच्या नाकासमोर नाचवले आणि म्हटलं, "एकाच हातात? माझ्या तर दोन्हीत वारूळ झालंय!" आम्ही सायकलवाले सोडून जगातल्या कुठल्याही माणसाने ते ऐकून डॉक्टरला बोलावलं असतं.

तो हसला नाही. त्याने शिक्का मारलेलं कार्ड जेर्मेनपुढे सरकवलं आणि म्हणाला, "लिही." खिशातून त्याने टेलिफोनचं कार्ड काढलं होतं. तुझा नंबर त्याला पाठ होता. चर्चशेजारी फोनची खोली होती, दारातून दिसत होती.

जेर्मेनने पेन टेकवलं. आणि मी तिच्या हाताखालून कार्ड ओढलं.

मी चौदा वर्षं कप्तान होतो. दरवर्षी जेवढे निघाले तेवढे घरी आणले. त्या दिवशी आम्ही दहा होतो आणि मला दहाच आणायचे होते. प्रेमाने केलं, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलो. प्रेम होतंच. पण त्याच्यासोबत माझा तोराही होता, आणि तुला दिलेला शब्द मला त्या क्षणी आठवत होता. विसरलो होतो असं म्हणण्याची सोयही मला नाही.

मी म्हटलं, "हवंय? पुढच्या चौकीवर ये!" आणि सायकलवर बसलो.

दारातून त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझीच खोड माझ्यावर? तू सुधारणार नाहीस." टेलिफोनचं कार्ड त्याने परत खिशात घातलं. वाटलं असेल त्याला, तीसच किलोमीटर तर आहेत, पुढच्या चौकीवरून करू फोन. तो सगळ्यांच्या शेवटी निघाला.

बारा किलोमीटरवर तो चढ लागतो. मी पुढे होतो. वर पोचल्यावर नेहमीसारखे मोजले. मागे नऊ हवे होते, आठ निघाले. मी उलटा खाली आलो. त्याने सायकल बांधाला नीट टेकवून ठेवली होती, साखळीची बाजू बाहेर, जशी तो कायम ठेवायचा. तो गवतात बसला होता. मी त्याला धरलं. तो म्हणाला, "बारा वाजले का रे? ती फोनपाशी असेल." मी म्हटलं, "हो, आता करू." रुग्णवाहिका आली तेव्हा तो गेलेला होता. त्याचं कार्ड माझ्या खिशात होतं.

त्या संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात तू मला एकच विचारलंस, "बाबा थांबले का नाहीत?" फोन तू खुर्चीजवळ ओढून ठेवला होतास, सकाळपासून. आणि माझ्या तोंडून निघालं, "खूप समजावलं गं, पण ऐकलंच नाही त्याने."

सोलेन, ते खोटं होतं. तू त्या दिवसापासून त्याचा फोटो भिंतीवरून काढून ठेवलास, त्याच्या थडग्यावर गेली नाहीस, आणि दर रविवारी बारा वाजता मला फोन करून माझी खुशाली विचारलीस. त्याच्या वाट्याची माया मी पाच वर्षं घेतली आणि माझ्या वाट्याचा राग त्याला घेऊ दिला. जेर्मेन सगळं बघत होती. दोन हिवाळ्यांमागे ती गेली. एका शब्दाने कोणाला बोलली नाही, पण माझ्यापुढे तिने पुन्हा कधी खीर ठेवली नाही. मारिवोनला मी तुझं पत्र आल्यावर सांगितलं. तिने हातातला बटाटा सोलून पातेल्यात टाकला. मग म्हणाली, "तुम्ही लिहा. नाहीतर मी लिहिते."

कार्ड या पाकिटात घातलं आहे. उघडून शेवटचा शिक्का बघ. त्याच्यापुढे जेर्मेनचं एक अक्षर आहे आणि तिथून शाईची रेघ थेट कडेपर्यंत ओढली गेली आहे. ते अक्षर कुठल्या शब्दाचं, ते तू ओळखशील. तू त्या टेबलामागे बसलेली आहेस. रेघ माझी आहे.

तुझा बाबा थांबला होता, पोरी. तुझ्यासाठीच थांबला होता.

दगडवाल्याला मी सांगून आलो की काही कोरू नकोस. काय लिहायचं ते तू सांग, किंवा दगड तसाच राहू दे. तीन जुलैचं तू मला विचारलंस तेव्हा तुला हे माहीत नव्हतं, म्हणून ते विचारलंच नाहीस असं मी धरून चालतो. कोट मारिवोनने इस्त्री करून ठेवलाय, तो कपाटात राहिला तरी माझी तक्रार नाही.

हे पत्र तुला उद्या मिळेल. परवा रविवार आहे. मी सकाळपासून फोनपाशी बसेन, तू बसली होतीस तसा. बारा वाजून गेले आणि तो वाजला नाही, तरी मी संध्याकाळपर्यंत उठणार नाही.

ज्याच्या भरवशावर तू त्याला जाऊ दिलंस, तो

फांश