आत एक जास्त

४ फेब्रुवारी

शिंपीणही गेली. टेम्पोत शिलाई मशीन चढवलं, स्वतः मशीनला मिठी मारून बसली. वर मलाच ओरडते — "अगं, हट्ट सोड! भांडायला तरी कोण उरलं तुला इथे?" टेम्पो वळला. मी आणि मुकादम एकमेकांकडे बघत उभे. मुकादम म्हणजे गल्लीचा कुत्रा. काम काडीचं नाही, देखरेख सगळ्यांवर, म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव.

आता सगळ्या दारांवर निळी फुली. फुली म्हणजे सही झाली, घर रिकामं. आमच्याच दारावर काही नाही. सगळी नटलेली आणि एकटं आपलंच बोडकं, तसं दिसतं.

५ फेब्रुवारी

गल्ली पाडून नवी वस्ती उभारायची, त्या आराखड्याच्या पुस्तकाचा दुसरा भाग संपला. शाळा चौथीत सुटली, वाचायचं वेड काही सुटलं नाही. पुड्यांचे कागद वाचत वाचत ग्रंथालयापर्यंत पोचले मी. पण हे पुस्तक जड! एकेका पानाला दोनदा पेन्सिलीला टोक काढावं लागलं.

नवं स्टेशन, आणि स्टेशनापासून चालत दहा मिनिटांत सगळं. खाली दुकानं, वर घरं. दवाखाना, पाळणाघर, सावलीचा रस्ता. मोटारींना जागा कमी, पायी माणसाला जास्त. खोटं कशाला लिहू? चांगलं आहे. माझ्या हातात असतं तर मीही असंच काढलं असतं. फक्त नकाशात आमची गल्ली नाही. तिच्या जागी एक सरळ रेघ आहे. फूटपट्टी लावून मारलेली.

हे ह्याच वाकड्या गल्लीतून बाहेर पडले होते. खांद्यावर वेताची खुर्ची. सकाळीच विणून संपवलेली, गिऱ्हाइकाला पोचवायची. "आलोच," म्हणाले. आज जिथे स्टेशन उभं राहिलंय तिथे तेव्हा नुसतं माळरान होतं. तिथे पडले. तिथून दवाखाना, आणि दवाखान्यातून परस्पर पुढे नेलं. खुर्ची कोणीतरी घरी आणून ठेवली. हे आले नाहीत.

चार वर्षं झाली. "आलोच" म्हणून गेलेलं माणूस आहे. त्याची परतीची वाट मी कशी पुसू देऊ?

हे कोणापुढे बोलायची सोय नाही. मुलगा सरळ डॉक्टरकडे नेईल.

८ फेब्रुवारी

मुलाचा फोन. "आई, लोक काय म्हणतील? अख्ख्या गल्लीत एकटी म्हातारी!" म्हटलं, लोक आहेत कुठे म्हणायला? हसला नाही. तात्पुरत्या इमारतीत आमच्या नावाचं घर रिकामं ठेवलंय म्हणे. पुढच्याच स्टेशनाला, तिसरा मजला, लिफ्ट आहे. बांधकाम संपलं की परत इथे नवं घर. "महिनाअखेरपर्यंत सही दे, नाहीतर ते वरून आदेश आणतील. मग तुझं काही चालणार नाही." त्याचा आवाज शेवटी बापासारखा झाला. मी फोन ठेवला.

१० फेब्रुवारी

आराखडेवाल्यांची पोरगी आली होती. उंच, सरळसोट, काखेत कायम नकाशाची गुंडाळी. मी मनात तिला फूटपट्टीच म्हणते. पायरीवर बसली, पाणी प्यायली, मुकादमला बिस्किट दिलं. वाटलं, गोड बोलून सही मागणार.

नाही. म्हणाली, "मावशी, आमच्यात एक नियम आहे. चालता रस्ता मोडायचा नाही. माणसं रोज वापरतात असं दिसलं तर गल्ली आहे तशी वाकडी ठेवून इमारती तिच्या कडेने बसवता येतात. तुमचं घरही राहील. पण साहेबांना आकडे लागतात."

"एकट्या बाईचे आकडे ते काय होणार गं?"

"मग भरपूर चाला की!"

गल्लीच्या तोंडाशी दिव्याच्या खांबावर तिच्या माणसाने काळी डबी बसवली. आत जाणारा वेगळा मोजते, बाहेर येणारा वेगळा. कमरेच्या उंचीवर आहे, म्हणजे मुकादम हिशेबात नाही. त्याला कळलं तर रुसेल.

११ फेब्रुवारी

आज किराणा, टपाल, दूध, ग्रंथालय — सगळं वेगवेगळ्या खेपांत केलं. पाय बोलायला लागलेत.

१३ फेब्रुवारी

चाचणीची गाडी परवापासून सुरू झालीय! आमच्या स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंत, संध्याकाळी एक खेप. प्रवासी घेत नाहीत, नुसती चालवून बघतात. मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. गाडी आली, दारं उघडली. डब्यात उजेड — आणि प्रत्येक बाकावर कोणीतरी बसलेलं! खांदे पाडून, मुकाट. मी कुंपण सोडून मागे सरले. पहारेकरी म्हणाला, "बाई, वाळूची पोती आहेत ती. माणसांच्या वजनाची."

हसले. पण दारं बराच वेळ उघडी ठेवतात. कोणासाठी?

एक बाक मात्र रिकामा होता. त्यावरचं पोतं काढून फलाटावर ठेवलेलं.

१४ फेब्रुवारी

फूटपट्टी आकडे बघायला आली. हातातल्या काचेच्या पाटीवर बोट वरखाली सरकवते आणि कपाळाला आठ्या.

"मावशी, गल्ली मागून बंद आहे ना?"

"भिंत आहे. मांजरसुद्धा वळसा घालून येतं."

"मग आत गेलेला माणूस बाहेर यायला हवा. इथे रोज आत एक जास्त आहे. संध्याकाळी, गाडीच्या वेळेला." मग हळूच — "कोणी राहायला येतं का तुमच्याकडे?"

"हो," मी म्हटलं. कसं निघालं तोंडातून कोण जाणे.

"कोण?"

"घरचंच माणूस."

तिने लिहून घेतलं. लिहून घेतलं!

१५ फेब्रुवारी

झोप नाही. पण भीतीने नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मनात नाचरं काहीतरी. खुर्ची पुसली. इतकी वर्षं त्या खुर्चीत कोणी बसलेलं नाही. गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही, आणि मला हिंमत झाली नाही. दाराच्या समोर आणून ठेवली.

१७ फेब्रुवारी

दिवेलागणीला दार सताड उघडं ठेवून बसले. गाडीचा भोंगा झाला. मुकादम दूधवाल्याच्या बंद दारापुढे पसरला होता. एकदम उठला, शेपूट हलवत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. अगदी कोणाच्या तरी पायात पायात चालावं तसा. तिथे थोडा थांबला. मग एकटाच परत आला.

कोणी दिसलं नाही. पण वाळू दबल्यासारखे आवाज मी ऐकले. चपलांचे.

मुकादम सामोरा गेला, आणि हे आले! मग घरात का नाही आले? दार चुकले असतील. सगळ्या दारांवर फुल्या.

१८ फेब्रुवारी

आमच्या दारावर खडूने खुर्ची काढली. चित्रकला बेताची. खुर्ची कमी आणि गाय जास्त दिसते. ओळखतील.

१९ फेब्रुवारी

आज मुकादम पलीकडच्या मास्तरांच्या फुलीवाल्या दाराशी होता. तसाच उठला, तसाच गेला, तसाच आला.

एक कोडं सुटत नाही. हे रोज येतात, तर जातात कधी? डबीला जाताना दिसत नाहीत. मागच्या भिंतीवरून उडी मारतात की काय, ह्या वयात! एकटीच हसले. हसू रिकाम्या गल्लीत फिरून परत आलं, तेव्हा थांबले.

२१ फेब्रुवारी

शिंपीण भेटायला आली. तोंड उतरलेलं. मशीन लागलं, गिऱ्हाइकं लागली, लिफ्टमध्ये बसून — उभी राहून — दिवसातून चारदा वरखाली करते, सगळं झकास. आणि मग मांडीवर थाप मारून म्हणते, "पण माझी सासू आली गं तिथे!"

"कोण सासू? त्यांना जाऊन दहा वर्षं झाली."

"तेच तर! परवापासून. पहाटेचा तोच खोकला. मशीनवरची कात्री रोज उजवीकडची डावीकडे. जिवंतपणी हेच करायची बया! मी म्हटलं, सुटले एकदाची ह्या गल्लीतून, तर ही मागोमाग!"

"आणि नवरा काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? आईसाठी उशी आणली त्याने."

दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. जाताना मात्र ती आपल्या जुन्या घरात डोकावली आणि पटकन मागे झाली. "किती ओस वाटतं गं," म्हणाली. मी म्हटलं, सामान नाही म्हणून. "नाही," म्हणाली. "सामान होतं तेव्हाही रिकामी खोली बघितलीय मी. हे वेगळं."

मी तिला माझं काही सांगितलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही. तिच्याकडे सासू आली, माझ्याकडे हे. ज्याचं त्याला.

२२ फेब्रुवारी

गाडी आली, गेली. कुंपणाजवळ गेले होते. बाकांवरची पोती कमी झाल्यासारखी वाटली. पहारेकऱ्याला विचारलं. "रोज एक काढून ठेवलेलं असतं," म्हणाला. "कोण काढतं ते साहेबालाही ठाऊक नाही. पण वजन बरोबर भरतंय, म्हणून कोणी बोलत नाही."

२४ फेब्रुवारी

मुलगा येऊन गेला. दारावरची खडूची खुर्ची वाकून नीट बघितली. शेवटी चपला घालता घालता म्हणाला, "बाबा असते तर पहिली सही त्यांनी केली असती. त्यांना नवं आवडायचं. तूच त्यांना जुनं करून ठेवलंयस."

असं बोलतात का आईला? पण खरं आहे. नवीन बसचा नंबर निघाला तरी एक फेरी मारून यायचे, उगाच, शेवटच्या थांब्यापर्यंत.

म्हणूनच तर गाडीने येतायत. मुलाला काय कळणार!

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज मुकादम दुपारपासून आमच्याच पायरीवर!

दार उघडं. मी आत, मोरीपाशी. भोंगा झाला आणि मागे वेत करकरला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन, त्या आवाजावर संसार केलाय. वळले नाही. वळावं तर मोडेल, असं वाटलं. हात ओले तसेच धरून उभी राहिले. मुकादमची नखं फरशीवर वाजली, मग बाहेर, मग काही नाही.

बसले! आज घरात येऊन बसले.

वळले तेव्हा खुर्ची किंचित तिरकी झालेली. दाराकडे.

२६ फेब्रुवारी

घर अगदी शांत आहे. माणूस दमून येऊन गाढ झोपलं की होतं तसं. मी पाय न वाजवता वावरते. मुकादम आज उठलाच नाही. गाडी आली तरी मान वर केली नाही.

२७ फेब्रुवारी

जिंकले!

फूटपट्टी धावत आली, नकाशा पायरीवरच पसरला. साहेबांनी मान्य केलं. गल्ली वाकडीच राहणार, दोन्ही बाजूंनी झाडं, आमचं घर जागच्या जागी. "तुमच्या पाहुण्यामुळे बरं का मावशी! रोज येणारं माणूस म्हटल्यावर साहेबांना बोलता येईना." मग पाटी बघून — "मात्र कालपासून आकडे बरोबर आहेत. आत जितके, बाहेर तितकेच. पाहुणे यायचे थांबले?"

"आले ते राहिले," मी म्हटलं.

संमतीपत्राचा कागद खुर्चीच्या पायाखाली घातला. एक पाय जरा आखूड होता, तो बरोबर बसला. मुलाला फोन करून सांगितलं. "तुला बरं वाटतंय ना?" एवढंच म्हणाला. वाटतंय. फक्त घर इतकं शांत आहे की स्वतःचा श्वास शेजारच्याचा वाटतो.

२ मार्च

फूटपट्टी डबी काढायला आली. काढून उलटी केली आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! बाण रस्त्याकडे हवा, गल्लीकडे ठेवून बसवली! मावशी, आत म्हणजे बाहेर वाचायचं होतं सगळं. जाऊ दे, बेरीज तीच. गल्ली पक्की." हसत गेली.

म्हणजे येत कोणीच नव्हतं. जात होते. रोज एक, संध्याकाळच्या गाडीने, पुढच्या स्टेशनाला. आपापल्या माणसांकडे. शेवटी हे गेले.

कागद ओढून काढला, सही केली. टेम्पो वाटेत आहे. तिकडचं आमचं घर अजून कुलूपबंद — बुधवारपासून हे दाराबाहेर उभे आहेत.