ड वर्गात गेलेला आवाज

१२ जाने., सोम. मोताळा
लेक मनूने नाशिकहून तिचा जुना कॉम्प्युटर पाठवला. लावला. चालला! आत काय काय घालून पाठवलंय ते ती फोनवर बराच वेळ सांगत होती. मी हो हो म्हणत गेलो. वायरी लावताना कोण ऐकतं?
त्याआधी सकाळी बायकोला, शीलाला, बुलढाण्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. ती बाहेर बाकावर, मी आत. डॉ. म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. राहिली ती जपायची." बाहेर येऊन तिला सांगितलं, थेंब टाकले की सुधारेल. काय करू? तोंडातून तेच निघालं.

१३ जाने.
पेपर वाचून दाखवला. अठ्ठावीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलेली बाई, तिला आता मथळेसुद्धा लागत नाहीत. मी वाचतावाचता मध्येच बोलतो म्हणे. "अहो, बातमी वाचून राह्यले का भाषण देऊन राह्यले?" शिवाय बातम्या गाळतो असा आरोप. गाळतो. सगळंच काय वाचण्यासारखं असतं?
"मले माह्या मनानं वाचाचं हाये. तुमच्या मनानं नाही." राग आला. चहा होईपर्यंत गेलाही.

१५ जाने.
जागा भरत आली, असं कॉम्प्युटर सारखं बजावतोय. उघडून पाहिलं तर काय पसारा! गाण्याचं, चित्राचं, पत्ते खेळायचं, चिनी अक्षरं टाइप करायचं. मोताळ्यात चिनी कोणाले लिहायची आहे बे? हे सगळं आधीपासूनच आत बसलेलं. आपल्याला विचारलं कोणी?
बत्तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढलीत. वर्गवारी माझ्या हातातली. अ म्हणजे कायम, ब आणि क ठरावीक वर्षं, ड म्हणजे नष्ट. नवी वही, लाल शाईने रकाने. प्रोग्रामची इंग्रजी नावं अक्षर न् अक्षर उतरवून घेतली. छान वाटलं. रिटायर झाल्यापासून असं बसलो नव्हतो.

१६ जाने.
निकाल लावला. लिहायचा प्रोग्राम: अ. फोटोंचा: अ. पत्ते: ब (कारण वैयक्तिक). चिनी: ड. अनु. ३१, स्क्रीन रीडर. म्हणजे पडदा वाचणारा. शेरा मारला, "आपल्याला डोळे आहेत." ड. त्याच्या जोडीचा अनु. ३२, आवाजाचा. तोही ड.
स्वयंपाकघरातून शीला: "काय करून राह्यले एवढं?"
म्हटलं, नष्टीकरण.
"यादीवर साहेबाची सही घेतली का?"
हसलो. ऑफिसात सहीशिवाय कपटाही नष्ट होत नसे हे खरं. पण घरात कोण साहेब!

१८ जाने.
मनूचा फोन. "पप्पा, आईले तो वाचून दाखवणारा लावून दिला का? त्याच्यासाठीच तर पाठवला."
कोणता?
"स्क्रीन रीडर. पडद्यावरचं मोठ्यानं वाचते, मराठीसुद्धा. त्या दिवशी सांगतलं ना तुम्हाले!"
लावतोच आहे म्हटलं. वही काढली. अनु. ३१. माझ्याच सुबक अक्षरात, आपल्याला डोळे आहेत. आपल्याला म्हणजे कोणाला? शेजारच्या खोलीत ती डाळीतले खडे बोटांनी चाचपून काढत होती. स्वतःची लाज वाटली. जेवलो नाही.

१९ जाने.
सांगून टाकलं शीलाला. आधी हसली. "घ्यायची होती ना सही!" मग डाळीचं ताट बाजूला सारून विचारलं, "पण परत येते का ते?"
डॉक्टरचं वाक्य आठवलं. म्हटलं, हे येतं. हे येईल. खात्री नव्हती.

२१ जाने.
वहीच कामाला आली. पुसलेल्या सगळ्यांची नावं होती, स्पेलिंगसकट. मनू म्हणाली, पप्पा, हे असं लिहून कोण ठेवतं? कोण म्हणजे? आम्ही ठेवतो.
फोनचं नेट जोडून अनु. ३१ परत आणला. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मुका.

२२ जाने.
अनु. ३२ विसरलो होतो! आवाजच नव्हता तर बोलेल काय? तो आणला, आणि बोललं! नाकात बोलतं, जोडाक्षरावर ठेचकाळतं, आमच्या तालुक्याचं नाव असं घेतं की हसू यावं. शीला खुर्ची ओढून अगदी जवळ बसली. मी म्हटलं, आवाज काही खास नाही.
"तुमच्याहून बरा. मधात बोलत नाही."
गुणी आहे पण मशीन. जागेसाठी पत्ते ड वर्गात टाकले. यादीवर शीलाची सही घेतली. बोट धरून रेघ दाखवावी लागली, पण सही तीच, शाळेच्या मस्टरवरची. डोळे भरून आले माझे.

२७ जाने.
बटणं तिची पाठ झाली. आज नेटवरचा पेपर एकटीने वाचला, परवाचाही. मला हाक मारून सांगितलं, "सुलतानपूरच्या शाळेची बातमी तुम्ही गाळली होती परवा. माही शाळा होती ते!" तासभर बोलत होती. इतकी बोलली नव्हती कित्येक दिवसांत.

३१ जाने.
"तुम्ही रोज काय लिहिता ते यात टाइप केलं तर मले वाचता येईन ना?"
म्हटलं, काय असतं त्यात? वायरी न् पसारा.
"वायरी वाचीन."
१२ तारखेचं पान उघडून बसलो. मग मिटलं.

२ फेब्रु.
बसलो टाइप करायला. डॉक्टरच्या वाक्यापाशी थांबलो. गाळलं. गाळतो हा तिचा आरोप आठवला, पुन्हा घातलं. खाली माझं खोटंही. पुढची पानंही उतरवली. तिला खुर्चीवर बसवलं आणि मी दारात उभा राहिलो. नाकातल्या त्या आवाजात बारा तारखेचं सगळं निघालं, ठेचकाळत.
शीलाने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "डॉक्टरचं दार उघडंच होतं. मले दिसत नाही, आयकू येते."
म्हटलं, मग बोलली काऊन नाही?
"तुम्ही बोलाची वाट पाहून राह्यली होती."
सोळाला पुन्हा तपासणी. आत दोघांनी जायचं ठरलं. मी तिच्या शेजारी बसलो. तिने चाचपून बटण दाबलं, आणि मशीन तेरा तारखेचं पान वाचू लागलं. मी मध्ये बोललो नाही.