पेशंटच्याच शब्दांत

सोम. १ डिसेंबर

मान्यतेची तपासणी याच आठवड्यात. परीक्षक कळवून येत नाहीत, पण डीनसरांना वास लागतो. सकाळपासून कॉलेजचं लग्नघर झालंय. ओला रंग, नव्या पाट्या. स्किल लॅबमधल्या पुतळ्यांचं प्लॅस्टिक आज फाडलं! इतकी वर्षं बिचारे पिशवीतच होते.

मेडिसिनचा वॉर्ड माझा, म्हणून कॉटा भरलेल्या दाखवायची जबाबदारीही माझी. मी शिकवणारी बाई, कॉटा भरणारी कधी झाले? मिटिंगमध्ये डीनसर पुन्हा पुन्हा तेच म्हणाले, पहिली बॅच बाहेर पडतेय, मान्यता अडली तर या पोरांच्या डिग्रीचं काय. दर वेळी माझ्याकडे बघून.

खरं तर पोरांची काळजी मलाच जास्त. हॉस्पिटल वर्धा रोडला, शहर संपल्यावर. पेशंट येतो कुठे? पोरं एकमेकांच्या छातीवर ठोकून शिकली. सगळ्या छात्या निरोगी.

मंगळ. २

पंकज भेटला. कॉलेजचा जनसंपर्कवाला. शिबिरं भरवणं, गाड्या पाठवणं, माणसं आणणं सगळं त्याच्याकडे. बुटीबोरीच्या वस्त्यांत भोंगा लावून रिक्षा फिरवतोय म्हणे. विचारलं, भोंग्यावर सांगता काय?

"सिंपल मॅडम. 'मेडिकल कॉलेजात भरती सुरू आहे. आधार कार्ड अन् फोटो आणा. गाडी घरापासून. चहा-नाश्ता, जेवण फ्री.' लंबा भाषण कोण ऐकते?"

बरं म्हटलं.

घरी भाजीवरून आईवर उखडले. ती शांत. "काहून वं चिडून राहिली? परीक्षा तुह्या कालेजची आहे का तुही?"

बुध. ३

बस भरभरून माणसं आली. वॉर्ड गच्च. एक म्हातारी अगदी सराईत. "मी मागच्या साली हाडाच्या वार्डात होती डॉक्टरीणबाई. यंदा इकडं टाकलं. पण पंखा तिकडचा चांगला होता." खूप हसले. मग हसल्याची लाज वाटली.

इशिताला केस लिहायला बसवलं होतं. शेवटच्या वर्षाची, अमरावतीची, माझी सगळ्यात गुणी पोरगी. ती आली. "मॅडम, खिडकीजवळच्या बाईंना काहीच होत नाहीये. तक्रारीच्या जागी काय लिहू?" मी मान वर न करता म्हटलं, "तिच्या शब्दांत लिही." वर्षभराचं माझं पालुपद. पेशंट 'जीव घाबरा होऊन राहिला' म्हणाला तर तेच लिहायचं. आपली इंग्रजी नंतर, आधी त्याची भाषा.

दुपारी राउंडला ती बाई स्वतःच उठून उभी राहिली. रेखा नाव. पस्तिशीची असेल. हॉस्पिटलचा गाऊन, पण केस चापूनचोपून, पावडर लावलेली.

"मॅडम, मेडिकल तं झालं. वजन झालं, बीपी झालं, रक्त देलं. इंटरव्यू आज आहे का उद्या?"

तिनं उशीखालून प्लॅस्टिकची फाइल काढली. दहावीची मार्कशीट, कामाचा दाखला, फोटो. बुटीबोरीच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. ठेका संपला, काम सुटलं. मग भोंगा ऐकला. भरती!

"आणि ही कॉट कशासाठी दिली असं वाटलं तुम्हाला?"

"ट्रेनिंग असन म्हटलं. पेशंटचं दुख समजाव लागते ना, आयाच्या कामाले."

तडक पंकजकडे गेले. हसून हसून त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम. आज सोडली तर कॉट खाली दिसते. उद्या सकाळीच तपासणीवाले आले तं? नंतर सांगू तिले."

नंतर कशाला, मीच सांगते, म्हणून परत वॉर्डात गेले. ती फोनवर आईशी बोलत होती. "जवळपास लागलंच समज. जेवण पण देऊन राहिले." मी उगाचच सलाइनचा रिकामा स्टँड इकडचा तिकडे केला आणि निघून आले. भित्री आहे मी.

गुरु. ४

आले. माझ्या वॉर्डाला त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर परीक्षक. दक्षिणेकडचे. मराठीचा गंध नाही, हिंदीही जेमतेम. पण खरा मास्तर माणूस. कॉटा मोजल्याच नाहीत, केसपेपर वाचत बसले. मी विद्यार्थी असते तर त्यांचं बोट सोडलं नसतं. इतरांच्या डोळ्यांत धूळ फेकायला काही वाटलं नसतं, यांच्याच का?

रेखाच्या कॉटशी थांबले. ती फाइल छातीशी धरून उभी. त्यांनी मला सांगितलं, कशासाठी आली विचारा. मी विचारायच्या आधीच ती थेट त्यांना म्हणाली, "सर, मी भरतीले आली. कोणतंही काम करीन. शिकन बी लवकर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागे डीनसर. कॉटच्या पायथ्याशी इशिता.

मी म्हटलं, "अॅडमिशनसाठी आलीय म्हणते, सर."

शब्द बरोबर. पुढची दोन वाक्यं गिळली.

मग त्यांनी केसपेपर उचलला. इंग्रजी मजकुराच्या वर इशिताच्या सुबक अक्षरात 'मी भरतीले आली.' हे काय, म्हणाले. पेशंटचे शब्द, सर, जसेच्या तसे. आधी असंच लिहायला शिकवते मी. त्यांचा चेहरा असा खुलला! हेच तर बघायला फिरतो, म्हणाले, इमारती कोण बघतो. इशिताचं कौतुक केलं. रेखाकडे वळून मान डोलावली, "ओके, ओके. व्हेरी गुड." तिला हात जोडले. ती रडायलाच लागली.

बाहेर डीनसर म्हणाले, "जिंकलं मॅडम तुम्ही."

इशिता आतच राहिली, रेखाच्या कॉटपाशी. अमरावतीच्या मुलीला भरती शब्द समजावून सांगावा लागत नाही.

शुक्र. ५

पोचेपर्यंत वॉर्ड रिकामा. पहाटेच बस लावून सगळ्यांना परत सोडलं. कामापुरता मामा. सिस्टर म्हणाली, रेखा निरोप सांगून गेलीय, "मॅडमले सांगजा, वाट पाहते."

पंकजकडून नंबर घेतला. लावला नाही.

मंगळ. ९

विधिमंडळाचं अधिवेशन, वर्धा रोड जॅम. गाडी घरी ठेवून मेट्रोनं. सीताबर्डीला उतरले तर खांबाखांबावर क्लासेसच्या पाट्या. पोलीस भरती. वनरक्षक भरती. महाभरती! रोजच्याच असणार, आज दिसल्या. रेखा चुकलीच नव्हती. इथे कामाला लागायचं वय असलेल्या कुणालाही विचारा भरती म्हणजे काय. कॉट आमच्याच डोक्यात.

क्लिनिकला, म्हणजे पोरांच्या वॉर्डातल्या तासाला, सवयीनं म्हटलं, पेशंटच्या शब्दांत लिहा. इशितानं हात वर केला. "मॅडम, अख्खं वाक्य लिहायचं ना?" साधाच प्रश्न. सगळी पोरं लिहीत होती. माझे कान तापले.

आईला सगळं सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती.

"मंग खोटं तं नाही बोलली तू."

"नाही."

"मंग झोंबून काय राहिलं?"

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, निदान त्याला नाव तरी असतं.

सोम. १५

परीक्षकांचं पत्र. डीनसर स्वतः माझ्या खोलीत आले, हातात संत्राबर्फीचा डबा. अंतिम निकाल यायचाय, पण पेशंटच्या शब्दांत इतिहास लिहिण्याची पद्धत त्यांना फार आवडलीय. तो केसपेपर इतर कॉलेजांना नमुना म्हणून दाखवायचाय. सोबत पेशंटच्या बोलण्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, संबंधित शिक्षिकेच्या सहीनिशी.

पूर्ण. म्हातारबुवांनी हा शब्द सहज घातला की मुद्दाम? तपासणीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना आमच्याच ड्रायव्हरनं विमानतळावर सोडलं. वाटेत विचारलं असेल का, भरती म्हणजे काय? मला जरा जास्तच दिसतंय, की खरंच काही आहे?

"दोन ओळींचं काम," डीनसर म्हणाले. "आत्ता लिहून टाका."

उद्या देते म्हटलं. कागदावर इंग्रजीत 'आय हॅव कम फॉर' लिहिलं. पुढची जागा रिकामी. तिथे 'अॅडमिशन' टाकलं तर पोरं सुटतात. 'जॉब' टाकला तर... त्यांचा काय दोष? आणि रेखाचा काय?

बर्फी उघडली नाही.

मंगळ. १६

सकाळचा राउंड झाला, कागद पुढे घेऊन बसले तोच गेटवरून चौकीदाराचा फोन.

"मॅडम, एक बाई आली. रेखा म्हणते. जॉइनिंगले आली म्हणते. मोठ्या साहेबानं ओके म्हटलं अन् तुम्ही बाजूलेच होत्या म्हणते. सोडू का आत?"

मागून तिचा आवाज, "दादा, भरतीवाली आली म्हणा ना, मॅडम वळखतीन."

चौकीदार बिचारा गोंधळला. "मॅडम, आज भरती आहे का?"

थांबव, मीच येते, म्हटलं. इशिताला निरोप पाठवलाय, तूही ये. का बोलावलं, माहीत नाही. एकटीनं जायची हिंमत नाही म्हणून असेल. कागद सोबत घेतलाय, रिकामी जागा तशीच.

खिडकीतून गेट दिसतं. इस्त्रीची साडी, फाइल, हातात जेवणाचा डबा. म्हणजे दिवसभराच्या तयारीनं आलीय. जाते खाली.